मुंबई पहावी कशी?
(सहल योजणाऱ्यांसाठीं थोडा इतिहास)

महोत्सवाचें वर्ष आलें म्हणजे धर्मग्रामांतून सहली निघतात, आणि वसईकडील मंडळींची सहल म्हटली म्हणजे ती बहुधा मुंबईस जाते. गाडी दाराशीं, अंतर थोडें, खर्च बेताचा. तेव्हां दुसरा विचार कोण करतो? परंतु अशा सहलींच्या याद्या पाहिल्या तर त्यांत ठिकाणें वीस-पंचवीस आणि दिवस एक असा हिशेब आढळतो. गेटवे, चौपाटी, राणीचा बाग, नटनट्यांचे बंगले, खरेदीचा बाजार अशी धांवपळ करून मंडळी रात्रीं थकूनभागून परत येतात, आणि चार दिवसांनीं काय पाहिलें म्हणून विचारलें तर गर्दी पाहिली एवढेंच उत्तर मिळतें.

वास्तविक या शहराशीं आपला संबंध आजचा नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांनीं केळीं, विड्याचीं पानें, फुलें व भाजीपाला पहाटेच्या गाडीनें मुंबईस नेऊन संसार केले. आज आपलीं मुलें-मुली त्याच गाडीनें कचेऱ्यांत व कारखान्यांत जातात. रोज जाणें-येणें आहे, पण ओळख नाहीं. स्टेशनापासून कचेरीपर्यंतची वाट म्हणजे मुंबई नव्हे. ज्या शहरानें आपलें पोट भरलें आणि ज्यानें आपल्यासारख्याच अनेक गांवांना गिळलें, तें शहर कसें झालें, कोणाच्या श्रमानें झालें व कोणाच्या जागेवर झालें, हें समजून घेणें आपणांस अगत्याचें आहे. म्हणून सहल योजणाऱ्या तरुणांस उपयोगी पडावें अशा हेतूनें पुढील माहिती मांडली आहे. तिचा सारांश तीन गोष्टींत सांगतां येईल: थोडें पहावें, क्रमानें पहावें, आणि जें उभें आहे त्याबरोबर जें नाहींसें झालें त्याचीही विचारपूस करावी.

सात बेटें आणि एक दिशा

मुंबई ही मूळची एक सलग भूमि नव्हे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम अशीं सात बेटें होतीं, आणि त्यांवर कोळी, आगरी, भंडारी, कुणबी इत्यादि लोकांच्या वाड्या होत्या. भरतीच्या वेळीं मधल्या सखल भागांतून समुद्र आंत शिरत असे. पुढें इंग्रजांच्या अमलांत हें पाणी बांध घालून अडविण्यांत आलें. महालक्ष्मी व वरळी यांमधील मोठें खिंडार गव्हर्नर हॉर्नबी याच्या पुढाकारानें १७८४ च्या सुमारास बुजलें. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, कुलाब्याचा १८३८ सालीं व माहीमचा १८४५ सालीं झाला. आज ज्या रस्त्यांवरून मोटारी धांवतात त्यांपैकीं पुष्कळांच्या खालीं एके काळीं मासे धरले जात होते.

आतां सहलीच्या दृष्टीनें एक सोयीची गोष्ट पहा. या बेटांचा इतिहास बव्हंशीं उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेला आहे. जुनें ठाणें माहीमचें. पोर्तुगीज सत्तेचें मुख्य केंद्र त्याहूनही उत्तरेस, आपल्या वसईस. इंग्रजांचा कोट मात्र दक्षिणेच्या टोंकास. म्हणून उत्तरेकडून आगगाडीनें येणारा प्रवासी शतकांच्या क्रमानेंच पुढें जातो. ज्यांना मुंबईंतच राहून शहर पहावयाचें असतें ते गेटवेपासून आरंभ करतात व इतिहास उलटा वाचतात. आपणांस तसें करण्याचें कारण नाहीं.

आगगाडीचाही मान राखला पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची गाडी निघाली, हें शाळेंत शिकवितात. परंतु १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत दुसऱ्या कंपनीची स्थानिक गाडी सुरू झाली, हें आपल्याकडील फारच थोड्यांस ठाऊक असतें. तेव्हां दिवसांतून एकच गाडी जाई व एकच येई. त्या एका गाडीनें वसईची वाडी मुंबईच्या बाजारास जोडली गेली. सहलीच्या सकाळीं गाडींत बसतांच मुलांना ही गोष्ट सांगावी. सहल तेथूनच सुरू झाली असें समजावें.

पहिला दिवस: वांद्र्यापासून कोटापर्यंत

जलद गाड्या माहीमास थांबत नाहींत, म्हणून वांद्र्यास उतरावें. वांद्रें हें सात बेटांपैकीं नव्हे, तें साष्टीचें दक्षिण टोंक. येथील सेंट अँड्र्यूचें देवालय जेझुइटांनीं १५७५ सालीं बांधलें. टेंकडीवरील मोत माउलीचें आजचें मंदिर १९०४ सालचें. त्याची योजना शापूरजी चांदाभाई या पारशी शिल्पज्ञानें केली, आणि १९५४ सालीं त्यास बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. सप्टेंबरच्या सणाच्या दिवसांत येथें सहल आणूं नये. तेव्हां यात्रा होते, दर्शन होतें, पण पाहणें होत नाहीं.

तेथून माहीमच्या बांधावरून पलीकडे जावें, व शक्य तर मध्यें दोन मिनिटें थांबावें. ही खाडी म्हणजे दीर्घकाळ दोन राज्यांची सीमा होती. २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्या ताब्यांतील प्रदेश पोर्तुगीजांस दिला. त्यांत हीं बेटेंही आलीं. १६६१ मध्यें पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस याच्याशीं विवाह ठरला, तेव्हां मुंबई आंदणांत गेली. गोव्याच्या कारभाऱ्यांस हें मनापासून पसंत नव्हतें. त्यांनीं पुष्कळ टाळाटाळ केली व प्रत्यक्ष ताबा १६६५ सालीं दिला. त्या दिवसापासून खाडीच्या दक्षिणेस इंग्रज व उत्तरेस पोर्तुगीज. १७३९ नंतर दक्षिणेस इंग्रज व उत्तरेस मराठे. आणि १७७४ मध्यें इंग्रजांनीं साष्टी घेतल्यावर सीमा मिटली. तरी बांध होण्यास आणखी सत्तर वर्षें लागलीं. तोंवर लोक होड्यांतून जात व पावसाळ्यांत बुडत. शेवटीं सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनीं दीड लाखाहून अधिक रुपये दिले, आणि बांधावर जकात घेऊं नये अशी अट घातली. या बाईंचें नांव माहीमच्या रस्त्यास आहे. रोज तो रस्ता तुडविणाऱ्यांपैकीं कितीजण तें आठवितात?

माहीमचें सेंट मायकेलचें देवालय परंपरेनें १५३४ पासूनचें मानतात. आजची इमारत १९७३ सालची आहे. १९४८ सालीं सुरू झालेल्या बुधवारच्या नोव्हेनेस येथें सर्व धर्मांचे लोक येतात. इमारत पहावयाची असेल तर बुधवार टाळावा, आणि मुंबईकर पहावयाचे असतील तर बुधवारींच यावें. पुढें दादरचें देवालय. यास लोक अद्याप पोर्तुगीज चर्च म्हणतात. १५९६ सालीं फ्रान्सिस्कनांनीं स्थापिलेल्या या देवालयाची नवी वास्तु १९७० च्या दशकांत चार्ल्स कोरिया यांनीं योजिली. जुन्या जागेवरील या दोन नव्या इमारती पाहून नाकें मुरडूं नयेत. देवालय दगडांचें असतें तसें येणाऱ्यांचेंही असतें. दादरचा फुलांचा बाजार जवळच आहे. तेथें आपल्याच गांवची बोली कानीं पडण्याचा संभव आहे.

कोट, मैदान व दोन उठविलेलीं देवालयें

दादरहून गाडीनें चर्चगेटास जावें. हें नांवच एक कोडें आहे, कारण तेथें गेट नाहीं. इंग्रजांचा कोट तटबंदीचा होता व त्यास तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट व बजार गेट. ज्या चर्चमुळें मधल्या दरवाजास नांव मिळालें तें सेंट थॉमसचें. हें आंग्लिकन पंथाचें असून १७१८ च्या नाताळांत उघडलें. गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर याच्या कारकीर्दींत, १८६० च्या दशकांत, तट पाडला गेला. दरवाजा गेला, नांव स्टेशनाच्या पाटीवर राहिलें.

तटाबाहेरचें ओव्हल, क्रॉस व आझाद मैदान हे एकाच जुन्या मोकळ्या पटांगणाचे तुकडे होत. ही मोकळी जागा शोभेसाठीं ठेवलेली नव्हती. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली, त्यामुळें मुंबईच्या इंग्रजांस धाक बसला. कोटाभोंवतीं खंदक खणण्यांत आला व त्यासाठीं व्यापाऱ्यांनीं वर्गणी दिली. तोफांच्या माऱ्याआड कांहीं येऊं नये म्हणून समोरचीं घरें, झाडें व देवस्थानें हलविण्याचें सत्र सुरू झालें. अठराव्या शतकांत येथील फ्रान्सिस्कनांचें एस्पेरान्सा मातेचें देवालय पाडण्यांत आलें व भुलेश्वराकडे नवें बांधण्यांत आलें. ज्या मुंबादेवीवरून शहरास नांव मिळालें असें मानतात, तिचें बोरीबंदराजवळचें जुनें देऊळही त्याच शतकांत उठविलें गेलें व तीही त्याच वस्तींत गेली. ज्यांच्या पूजापद्धति भिन्न, त्या दोन्ही समाजांस एकाच तोफेनें एकाच बाजूस सारलें. क्रॉस मैदानावरील दगडी क्रूस जुन्या देवालयाची आठवण म्हणून दाखवितात. वसईचा पाडाव आणि मुंबईचें मैदान यांचा असा संबंध आहे. वसईच्या माणसानें तरी त्या मैदानांत हें ध्यानांत घ्यावें.

ओव्हलच्या पूर्वेस विद्यापीठ, राजाबाई टॉवर व उच्च न्यायालय यांच्या गॉथिक इमारती, आणि पश्चिमेस विसाव्या शतकांतील आर्ट डेको पद्धतीचीं घरें. हे दोन्ही समूह २०१८ सालीं जागतिक वारशांत नोंदले गेले. पूर्वेकडील वैभवाचें मूळ कापसांत आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेना, आणि हिंदुस्थानी कापसाचा भाव कडाडला. मुंबईंत पैशाचा पूर आला; युद्ध संपतांच १८६५ सालीं तो ओसरला व अनेक पेढ्या बुडाल्या. टॉवरसाठीं देणगी देऊन आपल्या आईचें नांव त्यास देणारे प्रेमचंद रायचंद हे त्या तेजींतले मोठे धनी, व त्या मंदींत होरपळलेलेही. टॉवर १८७८ सालीं पुरा झाला.

याच ओव्हलवर १९६४ सालीं आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली व डिसेंबरांत पोप सहावे पॉल आले. हिंदुस्थानच्या भूमीवर पाय ठेवणारे ते पहिले पोप. त्या वेळचे मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस हे देशांतील पहिले कार्डिनल होते. आपल्या घरांतील वडील माणसांनीं ती गर्दी पाहिली असेल. सहलीपूर्वीं त्यांजकडून ऐकून घ्यावें.

पुढें हुतात्मा चौक. १८६४ च्या फ्लोरा कारंजाशेजारीं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत प्राण दिलेल्यांचें स्मारक आहे. १ मे १९६० रोजीं मुंबई मराठी राज्याची राजधानी झाली ती त्या रक्ताच्या मोलानें. येथून सेंट थॉमस, मग १८३३ सालचा टाऊन हॉल. त्याच्या मागच्या बाजूस जुना मनोर होता, व सोळाव्या शतकाच्या मध्यास गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य मुंबई बेट खंडानें घेऊन तेथें राही. या देशांतील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. एका वैद्यास भाड्यानें दिलेलें बेट पुढें १६६८ सालीं राजानें कंपनीस वार्षिक दहा पौंडांस दिलें. जमिनीच्या आजच्या भावाशीं हा आंकडा कोणीं ताडून पहावा!

दिवसाचा शेवट गेटवेपाशीं. पंचम जॉर्ज बादशहा १९११ सालीं आला त्याची ही आठवण. जॉर्ज विटेट यानें योजिलेली कमान १९२४ सालीं खुली झाली. फेब्रुवारी १९४८ मध्यें शेवटची इंग्रज पलटण याच कमानींतून बाहेर पडली. कमानीचा पिवळसर दगड खरोडीचा. खरोडी हें मालाडकडील ख्रिस्ती वस्तीचें जुनें गांव आहे. बादशहाच्या नांवाची पाटी आहे, दगड फोडणाऱ्याची नाहीं. समोरचें ताजमहाल हॉटेल १९०३ सालचें. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत तेथें व शहरांत अन्यत्र जे निरपराध जीव गेले, त्यांच्यासाठीं क्षणभर स्तब्ध उभें रहावें.

दुसरा दिवस: घारापुरी ते गिरगांव

दुसरा दिवस निराळा ठेवावा. दोन्ही दिवस लागोपाठच हवेत असें नाहीं. सकाळीं गेटवेहून होडीनें घारापुरीस जावें. तासाभराचा जलप्रवास, नंतर शंभरावर पायऱ्या. सोमवारीं लेणीं बंद असतात व पावसाळ्यांत होड्यांचा भरंवसा नसतो. तेथील तीन मुखांची शिवमूर्ति सुमारें सहाव्या शतकांतील आहे. १९८७ पासून हीं लेणीं जागतिक वारशांत आहेत. पोर्तुगीजांनीं बेटावरील दगडी हत्ती पाहून त्यास एलेफंटा म्हटलें. त्यांच्या काळांत येथील मूर्तींची बरीच नासधूस झाली, आणि शिलालेख काढून पोर्तुगालास धाडला गेला तो कायमचा हरवला. ज्यांनीं हें केलें ते आपल्याच धर्माचे होते. मुलांनीं विचारलें तर हें लपवूं नये. दुसऱ्याचें पवित्र स्थान मोडल्यानें आपलें पवित्र होत नाहीं. आपलींही स्थानें मोडलीं गेलीं आहेत, तेव्हां त्याचें दुःख आपणांस कळावयास हवें. तो दगडी हत्ती आतां भायखळ्यास जिजामाता उद्यानांत, १८७२ सालीं उघडलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे.

परत आल्यावर बोरीबंदरास जावें. फ्रेडरिक स्टीव्हन्स यानें योजिलेलें हें स्टेशन १८७८ पासून दहा वर्षें बांधलें जात होतें. व्हिक्टोरिया टर्मिनस हें त्याचें नांव १९९६ सालीं बदलून छत्रपति शिवाजी टर्मिनस झालें, व २०१७ सालीं त्यांत महाराज हा शब्द आला. जवळच १८६९ सालची क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. आपल्याकडील किती टोपल्या तेथें उतरल्या असतील त्याची गणति नाहीं.

मंडईपासून धोबी तलावाकडे चालत यावें. सेंट झेवियर्स कॉलेज जेझुइटांनीं १८६९ सालीं काढलें. मेट्रो सिनेमासमोर डॉक्टर अकासियो व्हिएगस यांचा पुतळा आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवीच्या वस्तींत ज्वरानें माणसें मरूं लागलीं, तेव्हां हा प्लेग आहे असें या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्रथम ओळखलें व उघडपणें सांगितलें. व्यापाराच्या शहरांत असें बोलणें सोपें नव्हतें. पुढें ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या साथीच्या दिवसांत जुन्या गांवठाणांतून ठिकठिकाणीं क्रूस उभारले गेले, ते अद्याप गल्ल्यांत दिसतात.

शेवटीं गिरगांवांतील खोताची वाडी. दादोबा वामन खोत यांच्या नांवावरून ओळखल्या जाणाऱ्या या वाडींत ईस्ट इंडियन कुटुंबांनीं लांकडी सज्जांचीं घरें बांधलीं. हे लोक बाहेरून आलेले नव्हेत; ते येथलेच, मराठी बोलणारे जुने रहिवासी. ईस्ट इंडियन हें नांव त्यांनीं १८८७ सालीं, राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, सरकारी नोकऱ्यांत आपला हक्क दिसावा म्हणून घेतलें. माझगांवची माथारपाखाडी व वांद्र्याचें रणवार हीं त्यांचीं तशींच वस्तिस्थानें. अनेक घरें पडलीं व त्यांच्या जागीं उंच इमारती आल्या. येथें मोठ्यानें बोलूं नये, कोणाच्या सज्जांत शिरूं नये, परवानगीवांचून घराचीं छायाचित्रें घेऊं नयेत. हें प्रदर्शन नाहीं. येथें माणसें राहतात.

वेळ उरला तर परळ-लालबागकडे जावें. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिली कापडगिरणी स्थापिली व पुढें हा भाग गिरणगांव झाला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले. पुष्कळांस पुन्हा काम मिळालें नाहीं. जेथें भोंगे वाजत तेथें आतां दुकानें व मनोरे आहेत. दोन-चार चिमण्या राहिल्या आहेत, त्या मुलांस दाखवाव्यात.

व्यवस्थेच्या कांहीं गोष्टी

एका तुकडींत पंधराहून अधिक माणसें नसावीत. प्रत्येक तुकडीस एक वाटाड्या व एक वडील माणूस असावें. कचेरीच्या दिवशीं सकाळीं आठ ते अकरा दक्षिणेकडे व संध्याकाळीं पांच ते आठ उत्तरेकडे समूहानें प्रवास करूं नये. तो वेळ चाकरमान्यांचा आहे. पहाटेची गाडी धरावी. रविवारीं कोटांत शांतता असते, परंतु रुळांच्या दुरुस्तीसाठीं गाड्या रद्द होतात, म्हणून आदल्या दिवशीं चौकशी करावी, व मिस्सा कोठें ऐकावयाची हें आधीं ठरवावें. कोटांतील फेरी पायींच करावी. वृद्धांसाठीं मध्यें दोन ठिकाणीं बसण्याची सोय पहावी. भाकरी घरची न्यावी आणि पाणी पुरेसें न्यावें.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जाण्यापूर्वीं एक संध्याकाळ एकत्र बसून नकाशा पहावा. कोणी आवाबाईंची हकीकत वाचावी, कोणी डॉक्टर व्हिएगसांची, कोणी गिरणी संपाची. आणि त्या त्या ठिकाणीं पोहोंचल्यावर ज्यानें वाचलें त्यानें सांगावें. सांगणारा विसरत नाहीं.

आपलीं गांवें आज त्याच वाटेवर आहेत ज्या वाटेनें गिरगांव, माझगांव व वांद्रें गेलीं. वाड्यांच्या जागीं इमारती येत आहेत, विहिरी बुजत आहेत. मुंबईस जाऊन आल्यावर तरुणांनीं आपल्याच गांवाची अशी एक फेरी योजावी; कोणती वाट कोठें जात होती, कोणता क्रूस कोणत्या सालीं व कां उभारला, हें वृद्धांस विचारून लिहून ठेवावें. सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत, म्हणून हें काम महोत्सवाच्या याच वर्षांत हातीं घेतलेलें बरें.